घरगुती कर्ज फेडताना वर्षाचा खर्च आधी मांडण्याविषयी

शेवंती :

घरावर कर्ज झाले की पहिला सल्ला मिळतो तो रोजच्या खर्चाचा. बाहेरचे खाणे थांबवा, भाजी घासाघीस करून घ्या, संध्याकाळी दिवसाचा खर्च लिहून काढा. हा सल्ला चुकीचा मुळीच नाही. पण आमच्या घरातले कर्ज केवळ त्याने हलले नाही आणि का हलले नाही ते वर्षाचा खर्च एकत्र मांडल्यावर समजले. ज्यांच्या घरी दर महिन्याला थोडी शिल्लक दिसते, तरीही दर दिवाळीला कार्डावरची रक्कम पुन्हा पहिल्याइतकी होते, अशांना हा हिशेब उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून आकड्यांसह लिहिते आहे.

आम्ही नाशिकला भाड्याच्या घरात राहतो. दोघांचे मिळून महिन्याला ६४,००० रुपये हातात येतात. सासूबाईंची शस्त्रक्रिया आणि घर बदलताना द्यावे लागलेले डिपॉझिट यांमुळे तीन ठिकाणचे देणे झाले होते. क्रेडिट कार्डाचे ८६,००० रुपये, बँकेच्या वैयक्तिक कर्जाचे २,१०,००० रुपये आणि धाकट्या दिरांकडून घेतलेले हातउसने ४०,००० रुपये. घरभाडे १३,०००, किराणा, दूध, भाजी आणि गॅस मिळून १५,५००, वैयक्तिक कर्जाचा हप्ता ७,२००, पेट्रोल ४,०००, वीज, मोबाइल आणि इंटरनेट ३,३००, मुलांची शिकवणी ३,०००, गावी सासऱ्यांना ३,००० आणि कार्डाची किमान रक्कम ४,३००. ही बेरीज ५३,३०० होते. म्हणजे १०,७०० रुपये उरायला हवेत आणि ते कागदावर उरतही होते.

मग मी वर्षातून एकदा किंवा दोनदाच येणारे सगळे खर्च बँकेच्या खातेपुस्तिकेवरून आणि जुन्या पावत्यांवरून काढले. जूनमधली शाळेची फी, वह्या-पुस्तके, गणवेश आणि रेनकोट मिळून ३८,०००. आयुर्विमा आणि आरोग्य विमा यांचे हप्ते २९,०००. दिवाळी २२,००० आणि गणपती ९,०००. लग्नकार्ये, बारशी, वास्तुशांती यांचे आहेर आणि जाणे-येणे १२,०००. गावची जत्रा आणि उन्हाळ्यातला प्रवास १०,०००. डॉक्टर, दात, चष्मे आणि औषधे ९,०००. दुचाकीचा विमा आणि दुरुस्ती ७,०००. एकूण १,३६,०००. बाराने भागले तर महिन्याला ११,३३३ रुपये होतात.

आमची दिसणारी शिल्लक १०,७०० आणि वर्षाच्या खर्चाचा मासिक भार ११,३३३. किरकोळ खर्चासाठी एक रुपयाही न धरता दर महिन्याला सहाशे-साडेसहाशेची तूट होती आणि ती जून, सप्टेंबर व नोव्हेंबर या महिन्यांत कार्डावर जाऊन बसत होती. आम्ही उधळपट्टी करत नव्हतो. ज्या खर्चांच्या तारखा दिनदर्शिकेत छापलेल्या असतात, त्यांची तरतूद मासिक हिशेबात नव्हती, एवढेच.

यावर आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली, कार्डाचे देणे यजमानांच्या कंपनीतील पगारदार पतसंस्थेचे कर्ज काढून एकरकमी भरले. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी धरला, तर ८६,००० रुपयांवर महिन्याला सुमारे ३,५५० रुपये जातात. म्हणजे ४,३०० रुपये भरूनही मुद्दल साडेसातशे रुपयांनीच कमी होत होते. पतसंस्थेचे कर्ज घटत्या शिलकीवर १२ टक्क्यांनी, तीन वर्षांच्या मुदतीचे मिळाले आणि त्याचा पूर्ण हप्ता २,८५६ रुपये बसला. कार्डाच्या नुसत्या व्याजापेक्षा हा मुद्दलासह हप्ता कमी होता.

दुसरी गोष्ट, वर्षाच्या खर्चासाठी वेगळे बचत खाते उघडले. त्याचे एटीएम कार्ड घेतले नाही आणि ते कोणत्याही यूपीआय ॲपला जोडले नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम तिकडे जाते. शंभर पानी वहीत डाव्या पानावर त्या खात्यात काय जमा झाले ते लिहिते. उजव्या पानावर ‘जून’, ‘गणपती’, ‘दिवाळी’, ‘विमा’, ‘आहेर’ असे रकाने आहेत आणि प्रत्येक रकान्यात त्या खर्चासाठी आजवर किती साठले ते दर महिन्याला खोडून नव्याने मांडते. पैसे एकाच खात्यात असले, तरी दिवाळीचे पैसे कोणते आणि शाळेचे कोणते हे वहीवरून लगेच कळते.

तिसरी गोष्ट म्हणजे काटकसर, आणि ती या दोन्हींनंतर आली. किराणा अडीच हजारांनी, मोबाइल-इंटरनेट नऊशेंनी आणि दिवाळी आठ हजारांनी कमी केली. पतसंस्थेमुळे हप्त्यात वाचलेले १,४४४ रुपये धरून, आधीची तूट भरून काढल्यावर, महिन्याला सुमारे ४,९०० रुपये खरोखर मोकळे झाले. त्यांतून दिरांचे देणे सुरू केले आणि उरलेले, दिवाळीच्या बोनससह, वैयक्तिक कर्जाच्या मुद्दलात भरत गेलो. आता तिन्ही देणी संपली आहेत. ज्यांनी असा हिशेब केला असेल किंवा वेगळ्या पद्धतीने कर्ज फेडले असेल, त्यांनी कृपया लिहावे.

कोकणकडा :

शेवंतीताई, मांडणी अतिशय स्पष्ट आहे. एक शंका आहे. अनेक ठिकाणी असे सांगतात की सर्वांत लहान कर्ज आधी फेडावे, म्हणजे एक तरी देणे संपल्याचे समाधान मिळते आणि हुरूप राहतो. काही जण म्हणतात की सर्वाधिक व्याजाचे आधी संपवावे. तुमच्याकडे दिरांचे देणे सर्वांत लहान होते आणि त्यावर व्याजही नव्हते. ते तुम्ही मागे का ठेवले नाही?

रोजमेळ :

मी एका पगारदार पतसंस्थेत बरीच वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. कोकणकडा यांच्या प्रश्नावर माझे मत असे, की व्याजाचा दर जिथे सर्वांत जास्त, तिथे जादा रक्कम जावी. यात शंकेला जागा नाही. कार्डाचा ४० टक्क्यांच्या आसपासचा वार्षिक दर आणि वैयक्तिक कर्जाचा १४ टक्के दर यांत एवढा फरक आहे, की समाधानासाठी क्रम बदलणे फार महाग पडते. हातउसन्याचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. तिथे व्याज नसते, पण देणाऱ्याच्या घरीही मुलांची फी असते आणि तो तोंडाने मागत नाही. म्हणून त्यांना दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, लहान का होईना, रक्कम जावी. शेवंतीताईंनी नेमके तेच केलेले दिसते.

आता पतसंस्थेच्या कर्जाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हा मार्ग वाचून अनेकांना तो लगेच करावासा वाटेल.

पहिला मुद्दा जामीनदाराचा. पतसंस्थेचे कर्ज बहुधा दोन सभासदांच्या जामिनावर मिळते. जामीनदार ही केवळ ओळख पटवणारी सही आहे असे समजून सहकारी एकमेकांच्या अर्जांवर सह्या करतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी कर्जदाराकडे सगळे उपाय थकवावेत आणि मगच जामीनदाराकडे यावे असे बंधन नाही. थकबाकी झाली की संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते आणि तो जामीनदारावरही असतो. ज्याने सही केली त्याच्या पगारातून कपात सुरू झाल्यावर त्याच्या घरी काय प्रसंग ओढवतो, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिले आहे. स्वतःचे कर्ज कमी व्याजावर नेताना आपण दुसऱ्या दोन घरांना त्यात बांधत असतो. त्यामुळे पुढचे सहा महिने हप्ता कुठून जाणार हे लिहून काढल्याशिवाय कोणाकडे सही मागू नये.

दुसरा मुद्दा व्याजाच्या पद्धतीचा. ताईंनी ‘घटत्या शिलकीवर’ असे लिहिले आहे ते फार महत्त्वाचे आहे. काही खासगी वित्त कंपन्या आणि वाहन विक्रेत्यांकडचे एजंट सरसकट दर सांगतात. एक लाख रुपये, तीन वर्षे, १२ टक्के सरसकट म्हणजे ३६,००० रुपये व्याज आणि ३,७७८ रुपयांचा हप्ता. मुद्दल दर महिन्याला कमी होत असूनही व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर मोजलेले असते. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या भाषेत मांडला तर दर वर्षाला २१ टक्क्यांच्या पुढे जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ कर्जदाराला मुख्य बाबींचे विवरणपत्र द्यावे लागते आणि त्यात सर्व शुल्कांसह खरा वार्षिक दर छापलेला असतो. सहीपूर्वी तो एक आकडा शोधावा आणि सध्याच्या कर्जाच्या दराशी ताडून पाहावा.

तिसरे, वैयक्तिक कर्ज मुदतीपूर्वी फेडताना शुल्क लागते का ते पाहावे. असे कर्ज बहुधा स्थिर दराचे असते आणि करारात अनेकदा तसे शुल्क असते. शुल्क मोठे असेल तर जादा रक्कम कुठे भरावी याचे गणित बदलते.

इंद्रायणी :

कार्डाबद्दल एक भर घालते. किमान रक्कम भरली की विलंब शुल्क लागत नाही आणि खाते थकीत दिसत नाही, एवढाच तिचा उपयोग. आधीची पूर्ण रक्कम भरलेली नसेल, तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही. आज घेतलेल्या किराण्यावर आजपासून व्याज सुरू होते. त्यामुळे कार्डाचे देणे बाकी असेपर्यंत त्या कार्डावर पेट्रोलसुद्धा घेऊ नये. अनेक जण निम्मे देणे भरतात आणि निम्मी मर्यादा मोकळी झाली म्हणून पुन्हा वापर सुरू करतात. तिथे फेडण्याचा हेतू प्रामाणिक असला तरी व्याज थांबत नाही.

कार्डावरील खरेदीचे हप्त्यांत रूपांतर करून घेताना त्या हप्त्यातील व्याजावरही १८ टक्के जीएसटी लागतो, हेही लक्षात असावे. साध्या कर्जाच्या व्याजावर हा कर नसतो. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून फ्रिज किंवा मोबाइल विकला जातो, तेव्हा व्याज कुठे तरी मोजलेलेच असते. बहुधा रोख घेणाऱ्याला मिळणारी सवलत हप्तेवाल्याला मिळत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते असे बँकांना सुनावले होते. दुकानात उभे असताना एकच प्रश्न विचारावा, की आत्ता रोख दिले तर किती घ्याल.

शेवंतीताई, किराण्यात अडीच हजार नेमके कसे वाचले ते लिहाल का? चार माणसांच्या घरात ही रक्कम लहान नाही आणि ‘काटकसर केली’ एवढ्यावरून काही कळत नाही.

शेवंती :

कोकणकडा, दिरांबद्दल रोजमेळकाकांनी लिहिले तेच कारण होते. त्यांना दर महिन्याच्या ५ तारखेला दोन हजार जात होते. आम्ही ते चुकवले नाहीत, त्यामुळे दोन घरांतले बोलणे मोकळे राहिले.

इंद्रायणी, किराण्याचे सांगते. आमच्याकडे महिन्याची यादी मोठ्या दुकानात जाऊन, समोर जे दिसेल ते पाहून होत असे. आता यादी स्वयंपाकघरात, डबे उघडून होते. प्रत्येक डब्यात किती शिल्लक आहे ते पाहते आणि जेवढे महिन्याला लागते त्यातून ते वजा करून लिहिते. पहिल्याच महिन्यात असे दिसले की साबण, चहा पावडर आणि रवा यांचा दोन-दोन महिन्यांचा साठा घरात पडून होता आणि तरीही ते दर महिन्याला येत होते. तेलाच्या एक लिटरच्या पिशव्यांऐवजी १५ लिटरचा डबा घेते. गहू, तांदूळ आणि तूरडाळ उन्हाळ्यात वर्षाची भरून, वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवते. आईकडे हे नेहमीच होत असे. यासाठी एप्रिलमध्ये एकदम मोठी रक्कम लागते, म्हणून वहीत ‘धान्य’ असा आणखी एक रकाना केला आहे आणि ती रक्कम किराण्याच्याच पैशातून दर महिन्याला बाजूला पडते. पाकीटबंद खाऊ, सॉस आणि तयार पिठे यांवर दर महिन्याला हजारापेक्षा जास्त जात होते. ते जवळजवळ थांबले. दूध आणि फळे यांना हात लावला नाही. मुले वाढीच्या वयात आहेत आणि कर्ज त्यांच्या ताटातून फेडायचे नाही, असे आम्ही दोघांनी आधीच ठरवले होते.

मोगरा :

धागा आवडला, पण एका गोष्टीवर वेगळे मत नोंदवते. गावी सासऱ्यांना जाणारे ३,००० रुपये तुम्ही तसेच ठेवले, ते योग्यच केले. अनेक घरांत पहिली कात्री तिथेच लागते आणि मग म्हाताऱ्या माणसांचे औषध बंद होते, ते कोणाला कळतही नाही. मात्र दिवाळी २२,००० वरून १४,००० वर आणताना घरात काय बोलणे झाले, तेही लिहायला हवे. कपडे कोणाचे कमी झाले? माझ्या पाहण्यात बहुतेक घरांत गृहिणी स्वतःची साडी रद्द करते, कोणाला सांगत नाही आणि हिशेब जुळला असे सगळ्यांना वाटते. अशी कपात दोन-तीन वर्षे चालली की मनात अढी बसते.

दुसरे असे, की वही एकट्या बाईने लिहू नये. पती-पत्नी दोघांनी महिन्यातून एकदा सोबत बसून ती वाचली पाहिजे. हातात पैसे देणारा वेगळा आणि हिशेब देणारी वेगळी अशी रचना असेल, तर वही म्हणजे झडती होऊन बसते आणि तिच्यात खरे आकडे येत नाहीत.

शेवंती :

मोगरा, तुम्ही फार नेमके लिहिलेत. आमच्याकडे वही पगारानंतरच्या पहिल्या रविवारी जेवण झाल्यावर दोघे मिळून पाहतो. मोठी मुलगी नववीत आहे, ती बेरजा करते. दिवाळीच्या बाबतीत असे ठरले की नवे कपडे फक्त मुलांना आणि सासूबाईंना होतील आणि आम्हा दोघांना आपापल्या वाढदिवसाला. फराळ सगळा घरी केला, फटाके बंद केले आणि नातेवाइकांना सुक्या मेव्याच्या पेट्यांऐवजी घरच्या चकल्या आणि अनारसे दिले. दिवाळीत कमतरता भासली नाही, कारण ती आधी चर्चा करून ठरवली होती. गणपतीच्या खर्चाला मात्र आम्ही हात लावला नाही. दीड दिवसांचा गणपती, साधी आरास आणि पाहुण्यांचे जेवण, यांत कमी करण्यासारखे काही नव्हते आणि करावेसे वाटलेही नाही.

भंडारदरा :

सर्वांचे लिखाण नोकरदार घरांना लागू पडते. माझे लग्नाच्या छायाचित्रणाचे काम आहे. तुळशीच्या लग्नानंतर कामे सुरू होतात आणि मे महिन्यात हंगाम सरतो. पावसाळ्याचे चार महिने जवळजवळ रिकामे जातात. कॅमेऱ्यासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने असतो. डिसेंबरात हातात लाख रुपये दिसतात आणि ऑगस्टमध्ये हप्ता परत जातो. त्यावर बँकेचे आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचे असे दोन्हीकडचे दंड बसतात. अशा माणसाने महिन्याचे अंदाजपत्रक कशाच्या आधारे करायचे?

रोजमेळ :

भंडारदरा, तुमच्यासारख्यांसाठी वर्षाचा हिशेब अधिकच गरजेचा आहे. गेल्या दोन वर्षांच्या पावत्या काढा आणि त्यांतले कमी उत्पन्नाचे वर्ष घ्या. त्यातून धंद्याचा खर्च, म्हणजे मदतनीस, अल्बमची छपाई, प्रवास आणि उपकरणांची दुरुस्ती, वजा करा. उरलेल्या रकमेला बाराने भागा. तेवढाच घरखर्च तुम्हाला परवडतो. धंद्याचे खाते आणि घरचे खाते वेगळे ठेवा आणि दर महिन्याच्या १ तारखेला धंद्याच्या खात्यातून घरच्या खात्यात तेवढाच पगार वळता करा. डिसेंबरातही तेवढाच आणि ऑगस्टमध्येही तेवढाच.

कर्जाची जादा फेड डिसेंबर ते मे या काळात करण्याचा मोह होईल. तो आवरा. आधी पावसाळ्याच्या चार महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला पडले पाहिजेत. हंगामाच्या शेवटी, मे अखेरीस, त्याहून जे उरेल ते मुद्दलात जावे. हप्ता परत गेल्याचा दंड आणि पत नोंदीवरचा, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवरचा, डाग यांची किंमत त्या चार-पाच महिन्यांत वाचणाऱ्या व्याजापेक्षा जास्त असते.

पाणंद :

आमच्याकडे शेती आहे आणि उत्पन्न वर्षातून दोनदा येते. रोजमेळकाकांचे गणित आम्हालाही लागू पडेल, पण एक गोष्ट जोडतो. मुदतीत फेडलेल्या ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीक कर्जाला केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून आपल्याकडे शून्य टक्के व्याज पडते. मुदत टळली की ही सवलत जाते. म्हणून पीक कर्ज आधी फेडून टाकण्याची घाई करू नये, पण त्याची तारीखही चुकवू नये. कांदा विकून आलेले पैसे आधी घरच्या इतर देण्यांत जातात आणि पीक कर्ज थकते, असे आमच्या गावात दर वर्षी घडते.

सावकाराच्या कर्जाबद्दलही सांगावेसे वाटते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही आणि परवानाधारकालाही शासनाने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. शेतकऱ्याला तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांना अनुक्रमे १५ आणि १८ टक्के असे दर राज्याने २०१४ मध्ये ठरवले आहेत. गावात मात्र ‘शेकडा तीन’, ‘शेकडा पाच’ असे महिन्याचे दर सर्रास चालतात. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. असे देणे असेल तर कार्डापेक्षाही आधी ते संपवावे आणि जमिनीचे खरेदीखत करून मागितले जात असेल, तर सही न करता तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.

नीरगुडी :

घरात सोने असेल तर ते विकून कार्डाचे देणे फेडावे, की गहाण ठेवावे? माझ्याकडे लग्नातल्या चार बांगड्या आहेत. आईने दिलेल्या आहेत, त्यामुळे विकायचे मन होत नाही.

इंद्रायणी :

नीरगुडी, हा निर्णय शेवटी तुमचाच आहे आणि त्यात भावनेला जागा असणे स्वाभाविक आहे. हिशेबाच्या बाजूने एवढे सांगते, की सोनेतारण कर्जाचा दर कार्डापेक्षा पुष्कळ कमी असतो, त्यामुळे कार्ड फेडण्यासाठी बांगड्या तारण ठेवणे व्यवहार्य आहे. धोका त्यानंतरचा आहे. अनेक सोनेतारण कर्जांत महिन्याचा हप्ता नसतो. वर्षअखेरीस व्याज भरून कर्ज पुन्हा पुढे ढकलता येते. मुद्दल तसेच राहते, वर्षे सरतात आणि एखाद्या वर्षी व्याजही भरता आले नाही की लिलावाची नोटीस येते. म्हणून मुद्दलासह मासिक हप्ता असलेलेच तारण कर्ज घ्या. तुमच्या वर्षाच्या हिशेबात तो हप्ता बसत नसेल, तर बांगड्यांना हात लावू नका, कारण तेव्हा कार्डही पुन्हा भरेल आणि बांगड्याही परत येणार नाहीत. तुमच्याकडे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीपीएफचे, खाते असेल, तर ते उघडल्यापासूनच्या तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात त्यावर कर्ज मिळते आणि त्याचा दर पीपीएफच्या व्याजापेक्षा फक्त एक टक्का जास्त असतो. तोही मार्ग एकदा पाहा.

कोकणकडा :

माझ्या मित्राचे कार्ड काही महिने थकले आहे आणि बँकेच्या वतीने ‘निम्म्यात तडजोड करा’ असे फोन येत आहेत. ते रात्री नऊ-दहालाही येतात. त्याने काय करावे?

रोजमेळ :

रात्रीच्या फोनांबद्दल आधी सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाहीत आणि कर्जदाराच्या नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास देता येत नाही. त्याने फोनांच्या वेळा लिहून ठेवाव्यात आणि बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. पतसंस्था मात्र या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्याविषयीची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करावी लागते.

तडजोडीचे असे आहे, की निम्म्यात मिटवलेले खाते पत नोंदीत पूर्ण फेडलेले दिसत नाही, तडजोड झाल्याची वेगळी नोंद होते आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना ती आड येते. नोकरी शाबूत असेल, तर आधी थकबाकीचे ठरावीक मुदतीच्या हप्त्यांत रूपांतर करून मागावे. उत्पन्नच थांबले असेल आणि तडजोडीशिवाय गत्यंतर नसेल, तर बँकेच्या पत्रावर रक्कम, तारीख आणि यापुढे काहीही येणे नाही हे वाक्य आल्याशिवाय एक रुपयाही भरू नये. फोनवरच्या आश्वासनाला किंमत नाही आणि पैसे वसुली करणाऱ्या व्यक्तीच्या नावावर कधीही पाठवू नयेत.

भंडारदरा :

रोजमेळकाका, मनापासून आभार. हंगामाचा हिशेब आजच काढायला घेतो. शेवंतीताई, शेवटचा हप्ता भरल्यावर कागदपत्रांचे काय करावे लागते, तेवढे सांगाल का?

शेवंती :

शेवटचा हप्ता गेला की बँकेकडून येणे बाकी नसल्याचा दाखला लेखी घ्या. मागितल्याशिवाय तो बहुधा येत नाही. खात्यातून हप्ता आपोआप वळता होण्याची जी परवानगी दिलेली असते, ती रद्द झाली का हे आपल्या बँकेत जाऊन पाहा. आमच्या बाबतीत कर्ज संपल्यानंतरच्या महिन्यातही ७,२०० रुपये वळते झाले होते आणि ते परत मिळवायला अर्ज करावा लागला. कार्ड नको असेल तर ते बंद करण्याची विनंती लेखी द्या. बाकी काही नसेल तर बँकेने सात कामकाजी दिवसांत ते बंद करायचे असते आणि त्यापुढे विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. जामीनदार होते त्यांनाही संस्थेच्या दाखल्याची एक प्रत द्या, म्हणजे त्यांना स्वतःच्या कर्जासाठी अर्ज करताना अडचण येत नाही. दोन महिन्यांनी पत अहवाल काढा. सिबिलसह चारही पत माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो विनाशुल्क मिळतो आणि त्यात तुमचे कर्ज ‘बंद’ असे दिसले पाहिजे. तसे दिसत नसेल तर दाखल्याची प्रत जोडून त्याच संकेतस्थळावर दुरुस्तीची विनंती करता येते.